आखितीची बिडी

आमच्या गल्लीत कुणाच्या नवऱ्याला डॉक्टरनं बिडी बंद सांगितली की ती बाई दोन-चार दिवसांत माझ्या ओट्यावर येऊन बसते. "ताई, तुमच्या मालकांची कशी सुटली ते सांगा की." त्यांना वाटतं माझ्याकडं काही काढा आहे, चूर्ण आहे. मी म्हणते, आधी चहा घे बाई. मग बसून सगळं सांगते. सांगून सांगून घसा बसायला लागला, म्हणून आता लिहूनच ठेवते. वाचता येतं त्यांनी वाचावं, येत नाही त्यांना शेजारणीनं वाचून दाखवावं.

औषधपाण्याचं मला काही कळत नाही. मी बालवाडीची बाई, पोरांना गाणी शिकवणारी. पण बिडी सोडणाऱ्या माणसाच्या घरात काय काय होतं ते मला ठाऊक आहे. बायकांना वाटतं आपला झगडा नवऱ्याशी आहे. माझा झगडा मेलेल्या माणसाशी होता. हसू नका, पुढं वाचा.

मामांची बाज

माझं माहेर इस्लापूरकडचं. उन्हाळ्यात आम्ही पोरी पहाटे जंगलात बिडीपत्ता तोडायला जायचो, पानांचे पुडके बांधून मुकादमाला द्यायचो. हाताला त्या पानांचा तुरट वास राहायचा. लग्न होऊन अहमदपूरला आले आणि उंबऱ्यातच तोच वास नाकात शिरला, जळालेला. दाराशी बाज होती आणि बाजेवर माझे सासरे बसलेले होते. त्यांना मी मामा म्हणायची.

मामांचा डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. उजव्या पायाची बोटं काळी पडून राहिली होती. तो पाय ते बाजेखाली लोंबता सोडायचे आणि पोटरी चोळत बसायचे. लोंबता ठेवला की ठणका जरा कमी यायचा म्हणे. अख्खं गाव सांगायचं, ही भानामती आहे. शेताच्या बांधावरून भांडण झालं होतं, त्या माणसानं केली. लिंबं कापून झाली, कोंबडी उतरवून झाली, मांत्रिकाला जेवण घालून झालं. बोटं काळी पडायची ती पडतच राहिली.

"सूनबाई, इस्तू आन गं," मामा हाक मारायचे. मी चुलीतला निखारा चिमट्यात धरून न्यायची. ते बिडी तोंडात धरून निखाऱ्याला टेकवायचे आणि दम ओढायचे. मग खोकला. दोनदा आखूड, एकदा लांब, आणि शेवटी घसा खाकरून "हां". दिवसातून कितीदा ते ऐकलं असेल, देव जाणे. मामा स्वभावानं गरीब. मला पोरीसारखं वागवलं त्यांनी. दुसराही पाय गेला, तेव्हा म्हणाले, "आता जोड्याचा खर्च वाचला सूनबाई," आणि हसले. मी आत जाऊन रडले.

ते गेले तेव्हा तिरडीला वजनच नव्हतं.

दहाव्याला कावळा शिवेना. घरच्यांचं सगळं कबूल करून झालं, "मायला मी सांभाळतो", "शेत पडीक ठेवणार न्हाई". कावळा आंब्यावर बसून नुसता बघत होता. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, बिडी ठेवली का त्यांची?" आता, बिडी म्हणजे काही उदबत्ती नव्हे. नुसती काडी लावली तर टोक काळं होऊन विझते. तोंडात धरून ओढावी लागते, तेव्हा ती पेटते. एकुलता एक मुलगा म्हणून माझ्या मालकांनी ती पेटवली, एक दम ओढला आणि पानावर ठेवली. कावळा लगेच खाली आला. सगळ्यांनी हात जोडले.

तेव्हापासून आमच्या घरात रिवाज पडला. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरून ठेवायची, पुरणपोळीचं पान वाढायचं, आणि पानावर मुलानं पेटवलेली बिडी.

बाजेवर कोण बसलंय

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आधी आम्ही उस्मानाबादचे होतो. लोकांना वाटलं होतं, जिल्हा जवळ आला, आता सगळं जवळ येईल. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकलाच नव्हता. सकाळी टँकरपुढं हंड्यांची रांग लागायची आणि रांगेत रोज एक तरी भांडण.

माझे मालक, माधवराव, हातपंप दुरुस्त करायचे. आमच्याकडं त्याला हापसा म्हणतात. सरकारी नोकरी होती, पण दुष्काळात ती नोकरी म्हणजे पळापळच. आज ह्या वाडीचा हापसा आटला, उद्या त्या तांड्याचा. बोअरमधले लोखंडी पाईप एकेक करून वर ओढायचे, खाली वाढवून परत सोडायचे. बाया भोवती हंडे घेऊन उभ्या. पाणी आलं की त्यांना ओवाळायच्यासुद्धा. आणि पाणी आलं की हे एक बिडी पेटवायचे, नाही आलं तर दोन.

एकदा पाईप निसटून पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर पडला. छोटीशी जखम. हळद भरली, मलम लावलं. भरेचना. पाय गार पडायला लागला. मे महिन्यात अंगाची लाही होते, आणि ह्यांचा एक पाय माठासारखा गार.

एका दुपारी मी बालवाडी सोडून घरी आले. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. दाराशी मामांच्या बाजेवर कुणीतरी बसलं होतं. पाय खाली लोंबता, एक हात पोटरी चोळून राहिलेला, दुसऱ्या हातात बिडी. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्षणभर मला खरंच कळेना, हे कोण आहे. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "अशी काय बघून राहिलीस? पाणी दे."

मी पाणी दिलं आणि म्हणाले, "उद्या नांदेडला जायचं. मोठ्या दवाखान्यात."

"हापसा हाय उद्या."

"हापसा गेला खड्ड्यात," मी म्हणाले. आयुष्यात त्यांना पहिल्यांदा उलटं बोलले असेन.

नांदेड

डॉक्टर तरुणच होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी ह्यांच्या पायावर वरच्या बाजूनं दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. दुसऱ्या पायावर ठेवली. परत पहिल्यावर. मला वाटलं डॉक्टरला झोप लागली की काय.

"बिडी ओढता?"

"हाव," हे म्हणाले.

"घरात आणखी कुणाला झालं होतं असं?"

मी सांगितलं, "सासऱ्यांचे दोन्ही पाय गेले. पण त्यांना भानामती होती."

"ते ओढायचे?"

मी मान हलवली. डॉक्टर माझ्याकडं बघून राहिले, रागानं नाही. म्हणाले, "ताई, त्यांना बिडीनं खाल्लं. ह्यांनाही तेच खातंय. पायाकडं जाणाऱ्या नसा बंद होत चालल्यात. हे बोट काढावं लागेल. पाय वाचवायचा तर बिडी बंद. कमी नाही, बंद. तंबाखू कुठलीच नाही. एक झुरकासुद्धा घेतलात तर मला कळेल. तुम्ही सांगू नका, तुमचा पाय सांगेल."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन जिन्यावर बसले. आधी मला हसूच आलं. अरे देवा! आम्ही लिंबं कापत बसलो. कोंबड्या उतरवत बसलो. त्या बांधावाल्या माणसाशी आमच्या घरानं बोलणं टाकलं होतं, तो बिचारा तसाच मेला. आणि मग हसता हसता मला असं रडू फुटलं की एक अनोळखी बाई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर ह्याच दुखण्याचा एक माणूस होता. एक पाय मांडीपासून गेलेला. रोज कुबड्या घेऊन तो न्हाणीच्या मागं जायचा आणि धुराचा वास घेऊन परत यायचा. बोट काढल्यावर हे शुद्धीवर आले तसा तो त्यांना म्हणाला, "चल की माधवराव. एक बोटच तर गेलंय तुझं." हे उशीत तोंड खुपसून पडले.

त्या माणसाची बायको डोळ्यांनी अधू होती. तिनं माझा हात चाचपून धरला. "मला कुणी सांगितलं न्हाई गं येळेवर. तू तुझ्या मालकाचा सदरा धरून बस. सोडूच नको." मी शब्दशः तेच केलं. जेवताना, पट्टी बदलताना, डॉक्टर येताना, ह्यांच्या सदऱ्याचं टोक माझ्या मुठीत. लोक हसायचे. हसू देत. नर्सबाई म्हणाल्या, "ताई, निदान इंजेक्शन देताना तरी सोडा."

दवाखान्यात एकच सुख होतं, पाणी. नांदेडला गोदावरी. अहमदपूरला आम्ही तांब्याभर पाण्यात अंग पुसत होतो, इथं न्हाणीत नळाला भरभरून पाणी यायचं. पहिल्या दिवशी मी अख्खी बादली डोक्यावरून ओतून घेतली आणि मग मला लाज वाटली. घरी सासूबाई टँकरच्या रांगेत उभ्या असतील.

काय अवदसा आठवली

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिले दिवस कसे गेले विचारू नका. सकाळी बिडीशिवाय ह्यांना परसाकडं होईना. पोट फुगायचं, डोकं धरायचं. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. ते ताट पाच मिनिटांनी स्वतःच उचलून, घासून ठेवलं, तेही पाण्याचा थेंब वाया न घालवता, राखेनं. हात सारखा खिशाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. बडीशेप दिली, लवंग दिली. शेवटी कडुलिंबाची काडी चघळायला लागले. दिवसभर तोंडात काडी.

माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सदरे हुंगायची. झोपलेल्या माणसाच्या तोंडाजवळ नाक न्यायची. एकदा ते जागेच होते. "कुत्रीवानी वास काय घेऊन राहिलीस?" म्हणाले. ते मला लागलं. आजही आठवलं की लागतं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचे अप्पा, शंकराचे मोठे भक्त, कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पा खाली बघून म्हणाले, "ह्याच्या वडलांना मीच दिल्या की गं सगळ्या बिड्या. मला काय ठाऊक." त्यानंतर हे एकदा दुकानी गेले तर अप्पांनी बिडीऐवजी ह्यांच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले आणि परत पाठवलं. हे फुटाणे खात घरी आले. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो. कितीतरी दिवसांनी.

मग मला वाटलं, घरच साफ करावं. मामांची सवय होती, थोटकं विझवून भिंतीच्या सांदीत खोचायची. देवळीत, पत्र्याखाली, दगडांच्या फटीत, जिथं हात घालावा तिथं थोटकं. टोपलंभर निघाली. इतक्या वर्षांची, वाळून खडंग झालेली. आणि मला काय अवदसा आठवली, मी ती सगळी चुलीत घातली!

धूर असा उठला की घर भरून गेलं. आणि तो साधा धूर नव्हता, तो मामांचा वास होता. हुबेहूब. जसं काही माणूस शेजारी येऊन बसलंय. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, परसात डाळ निवडत होत्या. त्या धावत आत आल्या, डोक्यावरचा पदर सावरत. बाजेकडं बघून म्हणाल्या, "आले का गं?"

हे उठले, लंगडत बाहेर निघून गेले आणि दिवस कलेपर्यंत आले नाहीत.

तो वास घरातून गेलाच नाही. शेणानं सारवलं, ऊद घातला, तरी दुपारी ऊन डोक्यावर आलं, गल्ली चिडीचूप झाली की बाजेकडून वास यायचा. आणि खोकला. दोनदा आखूड, एकदा लांब. मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनीही नाही. पण त्या वेळी आम्ही तिघंही एकमेकांकडं न बघता दाराकडं बघायचो, एवढं मला ठाऊक आहे. आत्याबाई एकदा स्वतःशीच बोलल्या, "मागून राहिलेत. द्यावं तर लागंल."

आखिती

पुढच्या आखितीपर्यंत ह्यांनी बिडीला हात लावला नव्हता. जखम भरली होती. कामावर जायला लागले होते.

मी आदल्या दिवशीच आत्याबाईंना म्हणाले, "औंदा बिडी नको. पान वाढू, घागर भरू. बिडी नको."

आत्याबाई पेटल्या. "जिवंतपणी त्यांना कुणी न्हाई म्हणलं न्हाई. दोन्ही पाय गेले तरी म्हणलं न्हाई. आता मेल्यावर उपाशी ठेवतीस?"

"तशीच ठेवू, न पेटवता."

"न पेटवता बिडी ठेवायची म्हणजे रिकामं ताट वाढायचं की गं!"

अप्पांनी दिली नसती म्हणून आत्याबाईंनी मोंढ्याकडच्या दुसऱ्या दुकानातून बंडल आणलं. मी न पेटवलेली बिडी पानावर ठेवली. घास पत्र्यावर ठेवला. घागर भरली, दुष्काळात ते पाणी कसं साठवलं ते मलाच ठाऊक. आणि बसलो. कावळा येईना. अहो, कावळे होते कुठं? जिकडं पाणी तिकडं गेलेले. पण हे तेव्हा कुणाला सुचतं? ऊन चढलं. पितर जेवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. हे पानाकडं बघत बसले होते. मग त्यांनी हात पुढं केला.

"अहो," मी म्हणाले.

"पेटवायपुरती," ते म्हणाले. "एक दम. दादाच्या नावानं." वडलांना ते दादा म्हणायचे.

त्यांनी दम ओढला. डोळे मिटले. ते तोंड मी विसरणार नाही. तहानेनं मरणाऱ्या माणसाच्या तोंडाला पाणी लावावं तसं. बिडी पानावर ठेवली. आणि कुठून आला कुणास ठाऊक, एक कावळा पत्र्यावर उतरला.

बंडलातल्या बाकीच्या बिड्या आत्याबाईंनी देवळीत ठेवल्या. मी त्या फेकायला हव्या होत्या. पितरांची वस्तू म्हणून हात धजला नाही.

थोडे दिवस गेले. एकदा बालवाडीत पाणीच आलं नाही म्हणून पोरांना लवकर सोडलं. घरी आले. दारात वास. बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, एक पेटलेली बिडी ठेवलेली, तिचा धूर सरळ वर जाऊन राहिलेला. बाजेवर कुणी नाही. हे खाली जमिनीवर बसलेले, बापापुढं पोरगं बसावं तसे.

"काय करून राहिलात?"

"दादाला लावून दिली."

"आन तुमी?"

"म्या न्हाई ओढत. पेटवायपुरता एकच दम. ते खोकून राहतात गं रोज, तुला ऐकू येत न्हाई का?"

मला ऐकू यायचं. तेच तर होतं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि ती बिडी जळून संपेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. मग मी म्हणाले, "पाय दाखवा." त्यांनी पाय मागं ओढला. मी धरून बघितला. आधी काढलेल्या बोटाच्या शेजारचं बोट निळं पडलं होतं.

नांदेडला त्याच डॉक्टरांनी पायावर दोन बोटं ठेवली आणि विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "ओढली."

"वडलांसाठी पेटवली, साहेब," हे म्हणाले. मला वाटलं डॉक्टर ओरडतील. ते स्टूल ओढून खाली बसले. "माधवराव, वडलांना आता पाय नकोत. तुम्हाला हवेत. हे दुसरं बोट मी काढतो. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही."

आत्याबाई

आम्ही परत आलो तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पट्टी बघितली. नवऱ्याच्या बाबतीत त्यांनी हे सगळं पाहिलेलं, आधी एक बोट, मग दुसरं, मग पंजा. कितीतरी दिवस बोलल्याच नाहीत. देवळीतलं उरलेलं बंडल त्यांनीच उचललं, कुठं ठेवलं मी विचारलं नाही.

भादव्यात पितरपाट, म्हणजे पितृपंधरवडा, आला. मला धडकी भरली होती. पान वाढलं. हे भिंतीला टेकून बसलेले, पाय पुढं पसरलेला. आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडून एक बिडी काढली आणि मला म्हणाल्या, "इस्तू आन गं."

मी जागची हलेना.

"आन म्हणते ना!"

मी निखारा आणला. हे हात पुढं करायला लागले, तशी आत्याबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली, लहान पोराला मारतात तशी. आणि बिडी स्वतःच्या तोंडात धरली. ज्या बाईनं आयुष्यात मिसरीशिवाय कशाला तोंड लावलं नाही, तिनं माझ्या चिमट्यातल्या निखाऱ्याला बिडी टेकवली आणि दम ओढला. धूर छातीत गेला आणि त्या खोकल्या. दोनदा आखूड, एकदा लांब. शेवटी घसा खाकरून "हां".

हे पांढरेफटक पडले.

आत्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बिडी पानावर ठेवली आणि बाजेकडं तोंड करून बोलल्या. नवऱ्याशी इतकं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हितून पुढं मी पेटवून देत जाईन तुमाला. मी हाय तवर मी. पोराच्या मागं फिरू नका. तुमचे दोन पाय गेले, पोराची दोन बोटं नेलीत, तेवढं बास करा."

त्या दिवशी कावळा आला का नाही, मला सांगता येणार नाही. मी ह्यांच्याकडं बघत होते. हे हमसून हमसून रडून राहिले होते. त्यांच्या बापाच्या दहाव्यालासुद्धा ते असे रडले नव्हते.

त्यानंतर दुपारी खोकला आला नाही. वास येत राहिला, पण कमी कमी. आत्याबाईंनी शेवटपर्यंत आपला शब्द पाळला. आखितीला आणि पितरपाटात बिडी त्याच पेटवायच्या, आणि तेवढा वेळ हे घराबाहेर अप्पांच्या दुकानावर फुटाणे खात बसायचे. आत्याबाई गेल्या त्या वर्षी आम्ही ते बंद केलं. त्यांच्या पानावर नुसती पुरणाची पोळी ठेवली, कावळा आला.

पुढं

माधवराव आठ बोटांवर नोकरी करून निवृत्त झाले. तालुक्यातला एकही हापसा त्यांच्या पायाखालून सुटला नाही. पण बायांनो, एक खरं सांगते. सुटली सुटली म्हणतात, पण ती पुरती सुटत नाही. दाराबाहेर बसून राहते. झोपेत ह्यांची दोन बोटं जवळ यायची, बिडी धरल्यासारखी. मी ती हळूच सोडवायची. म्हणून मी कुणाला सांगत नाही की तुझ्या नवऱ्याची गेली, आता झोप निवांत. सदरा धरून ठेव, एवढंच सांगते.

एकदा जेवताना ते म्हणाले, "मी गेल्यावर माझ्या पानावर बिडी ठेवू नका. कावळा न्हाई शिवला तरी चालंल. प्रकाशच्या तोंडात ती जाऊ देऊ नको." प्रकाश आमचा मुलगा. त्यानं कधी बिडी हातात धरली नाही.

ते मागच्या उन्हाळ्यात गेले. छातीत कळ आली आणि गेले, दवाखान्यापर्यंत जाता आलं नाही. तिरडीवर त्यांचे दोन्ही पाय होते. मी पायावरची चादर सारून बघितले, हात लावला, मग झाकले.

बायकांनी दहाव्याला नदीवर येऊ नये असं म्हणतात. मी गेले. पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसलेले. एकही खाली येईना. प्रकाश म्हणाला, "आईला सांभाळतो." म्हणाला, "नातीचं लग्न करतो." ऊन तापलं. भटजी घाम पुसायला लागले. मग भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं खिशातून बंडल काढलं. "अरे, ते काही झालं तरी बिडीचेच होते. जीव अडकला असंल." आणि प्रकाशनं हात पुढं केला.

मला ठाऊक होतं, ते म्हातारं खरं बोलून राहिलंय. जीव तिथंच अडकला होता. झोपेतली ती दोन बोटं मी रोज सोडवलेली होती. मी उठले, प्रकाशच्या हातातली बिडी घेतली आणि पाण्यात टाकली. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी भटजींना म्हणाले, "दर्भाचा कावळा करा." त्यांनी दर्भाचा केला, पिंडाला शिवला, आम्ही घरी आलो.

माणसं पांगली. दुपार झाली, गल्ली चिडीचूप झाली. मी चटईवर बसले होते आणि बाजेकडून वास आला. मी उठले. तांब्याभर पाणी भरून बाजेच्या पायाशी ठेवलं.

"पाणी प्या," मी म्हणाले. "पाहिजे तेवढं बसा दारात. ती न्हाई मिळायची."